पाण्याचं डावं

त्या एप्रिलातल्या मॅचमधून कालव्याचं पाणी सोडणाऱ्या महिपती पाटकऱ्याला मिळण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती म्हणजे बायको. बाकीच्यांचे फायदे किरकोळ होते. आगटे ओव्हरसियरला पुण्याच्या वर्तमानपत्रात बोटभर मजकूर मिळाला असता, आणि तो कापून त्यानं सासऱ्याला पाठवला असता. साहेबाला क्लबात सांगायला एक गोष्ट मिळाली असती. कालवा खात्याच्या बारामती सेक्शनमधल्या कारकुनांना इंदापूर सेक्शनला वर्षभर चिडवायची सोय झाली असती, आणि कारकुनाचं वर्ष एवढ्यावर निघतं. महिपतीची उतरंड मात्र उंच होती. मॅच जिंकली तर साहेब खूश. साहेब खूश झाला तर बारामतीच्या कचेरीतली रिकामी पडलेली मोजणी कारकुनाची जागा बारामतीच्याच एका पाटकऱ्याला. साहेब हे थट्टेत बोलला होता, पण साहेबाची थट्टा ही लेखी हुकमाची आदली पायरी असते हे खात्यात शिपायालाही ठाऊक होतं. ती जागा मिळाली तर सांगवीच्या अंगाची कालव्यावरची चौकी सुटणार, गावातल्या बोळात पाणी नजरेला पडणार नाही अशी एखादी खोली मिळणार, आणि तशी खोली मिळाली तर द्वारका बावड्याहून परत येणार. एका चामड्याच्या चेंडूवर त्यानं ही मडकी एकावर एक रचली, आणि रचताना त्याला स्वतःला हसू आलं नाही. ते काम दुसऱ्यांनी केलं.

फुटबॉल बारामतीत आला तो त्या साली, आणि आला तो वर्तमानपत्रातून. पावसाळा सरता सरता मुंबईत बंगळूरच्या एका संघानं चषक नेला. तो चषक तोवर गोऱ्या पलटणींच्या घरचाच समजत. मग थंडीत विलायतेहून एक हौशी संघ उतरला आणि गावोगाव खेळत हिंदुस्थान पालथा घालू लागला. आगटे ओव्हरसियर रोज सकाळी या बातम्या कचेरीत मोठ्यानं वाचायचा. तो पुण्याला कॉलेजात असताना फुटबॉल खेळला होता. किती आणि कसा हे विचारायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे तो चांगला खेळला होता असंच धरून चालत. साहेबानं पुण्याहून चेंडू मागवला. बारामतीला कालव्याच्या कडेच्या पडीत बांबू रोवले गेले. महिपतीला गोलात उभं केलं ते त्याच्या उंचीमुळे, आणि आगट्याच्या एका विनोदामुळे. "हा जन्मभर पाणी अडवतोय," आगटे म्हणाला, "चेंडू तर कोरडा असतो." सगळे हसले. महिपतीही हसला, कारण वरच्याच्या विनोदाला न हसणं त्याला परवडणारं नव्हतं. पण पहिल्या दिवशी चेंडू त्याच्या छातीवर येऊन आदळला, त्यानं दोन्ही हातांनी तो कवटाळला, तेव्हा त्याला काही वेळ तो सोडवेनाच. काहीतरी अडलं होतं. आपल्या हातांनी, वेळेवर. आगटे ओरडत होता, "अरे टाक, टाक पुढं, अंडं उबवतोस का!" आणि हा चामड्याचा वास हुंगत तसाच उभा.

आता जून लागला होता. इंदापूरशी मॅच हरून झाली होती, जागा इंदापूर सेक्शनच्या सोपान पाटकऱ्याला मिळून तो खुर्चीवर उशी टाकून बसू लागला होता, आणि महिपती कचेरीच्या दारात हातात टोपी घेऊन उभा होता. आगटे वाचत होता. "ऐक महिपती, तुझ्या भावकीतली बातमी. फ्रान्सात जगाचा चषक चाललाय. तिथं जाव्याहून संघ गेला होता, साखरेच्या जावा बेटाहून. हंगेरीनं सहा गोल चढवले. सहा! आणि यांचा एकही नाही. तिथंही ऊस, तिथंही कालवे. गोलात पाटकरीच उभा असणार बघ." कारकून फिदीफिदी हसले. महिपतीच्या डोळ्यांपुढं तो जाव्याचा माणूस आला. कुठल्या कुठं बोटीनं गेलेला, परक्या गवतावर उभा असलेला, मागून पुन्हा पुन्हा जाळीतून चेंडू काढून आणणारा. चेंडू काढायला वाकताना त्याच्या मनात काय येत असेल? कोणी त्याला ओरडून सांगत असेल का, इकडं पड, तिकडं पड? आणि सांगणारा त्याच्याच बोलीत सांगत असेल तर तो जास्त दुर्दैवी, असं काहीतरी महिपतीला वाटलं. का वाटलं ते मात्र कळलं नाही.

"काय काम आहे?"

"येक दिसाची रजा पायजे, रावसाहेब. इंदापूरला जायाचं हाय."

"बाजाराला?"

"न्हाय. काडीमोड हाय."

आगट्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. तो वाईट माणूस नव्हता. फक्त गप्प बसणं त्याला जमत नसे, आणि अशा माणसाच्या तोंडून अवघड वेळी हटकून नको तेच निघतं. "अरेरे," तो म्हणाला. "जा, जा. एक सांगू? त्या दिवशी त्या पेनल्टीला तू डावीकडं पडला असतास ना, तर ही वेळ आली नसती. मी गळा फाडून सांगत होतो, डावीकडं, डावीकडं. त्यांचा संभाजी ड्रायव्हर डाव्या पायाचा, तो चेंडू दुसरीकडं घालायचाच नाही."

"डावीकडंच पडलो की, रावसाहेब."

"उजवीकडं पडलास! सगळ्या बारामतीनं पाहिलं."

"न्हाय जी. डावीकडं. शाळेच्या अंगाला."

आगट्यानं खिडकीतून कालव्याकडं बघितलं, मग बोटानं हवेत काहीतरी रेघ ओढली, आणि एकदम टेबलावर थाप मारून हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईतो हसला. "अरे गाढवा! ते पाण्याचं डावं! मी तुझं डावं म्हणत होतो. तुझं, तुझं! या हाताचं!" आणि त्यानं टेबलावरून वाकून महिपतीचा डावा हात धरून हलवला. टोपी खाली पडली.

कालव्यावर डावं-उजवं माणसाचं नसतं. पाणी जातं तिकडं तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताला येईल तो डावा काठ, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मग तुम्ही वरून या, खालून या, सायकलीवरून या की तिरडीवरून. डावा काठ डावाच. बारामतीला पाणी उगवतीकडं जातं, म्हणजे डावं हे शाळेच्या अंगाला. महिपतीनं पोरवयात नोकरी धरली तेव्हापासून त्याच्या अंगातलं मूळचं डावं-उजवं कधी झिजून गेलं आणि त्या जागी हे खात्याचं कधी बसलं, त्याला कळलंही नव्हतं. तो घरात भाकरी खाताना म्हणायचा, "मिठाची वाटी उजव्या अंगाला सरकव," आणि द्वारका दुसरीकडंच सरकवायची, आणि त्याला वाटायचं, बाई जरा घाईची आहे. मॅचच्या पहिल्या हाफात तो मावळतीच्या गोलात होता. तोंड पाणी जातं तिकडं. आगट्याचं डावं आणि पाण्याचं डावं एकाच बाजूला येत होतं, आणि आगट्यानं ओरडावं, महिपतीनं झेपावावं, चेंडू हातात यावा, असं पुन्हा पुन्हा झालं. लोक टाळ्या पिटत होते. कोणीतरी "पाटकरीबुवा!" म्हणून आरोळी दिली. हाफ झाला, बाजू बदलल्या. तो उगवतीच्या गोलात जाऊन उभा राहिला, येणाऱ्या पाण्याकडं तोंड करून, आणि जगाची डावी बाजू गुपचूप उजवीकडं गेली. पेनल्टीच्या वेळी आगटे ओरडला आणि महिपतीनं क्षणाचाही विचार केला नाही. तो पडला. पूर्ण अंगानं, जीव टाकून, शाळेच्या अंगाला, जिथं चेंडू नव्हता. तोंडात धूळ गेली. मागून बांबूला चेंडू घासल्याचा आवाज आला, तो दुसऱ्या बाजूनं. त्यानं मान वळवून बघितलं तेव्हा आगटे दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा होता, आणि महिपतीला आगट्याचाच राग आला होता. चुकीचं सांगितलं साल्यानं, असं तो धूळ थुंकत म्हणाला होता. चुकीचं सांगितलं. कोणाच्या तोंडचे शब्द हे? दुसऱ्या कोणी कधी हेच म्हटलं होतं, याच कडवटपणानं, आणि त्याच्याच तोंडावर. आता कचेरीच्या दारात टोपी उचलायला तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

द्वारकानं म्हटलं होतं. तुमी चुकीचं सांगितलं.

इंदापूरची सर्व्हिस मोटार स्टँडवर धूर सोडत उभी होती. त्याला खिडकीची जागा मिळाली. शेजारी कांद्याचं पोतं आणि पोत्याचा मालक, दोघं सारखेच ऐसपैस. गाडी हलली. सगळं लोखंड खुळखुळायला लागलं, पेट्रोलचा वास नाकात बसला, आणि महिपती मनाशी म्हणाला, थांब, नीट मांडू. घाईनं नको. आपण त्या दिवशी कालव्याच्या वरच्या दरवाज्यावर होतो. दुपार होती, पाण्याची पाळी सुरू होती, कालवा काठोकाठ. चौकी खाली, पुलापाशी. आपली पोर रतन कधी बाहेर आली कोणी बघितलं नाही. आपल्याला वरून दिसला तो लाल परकराचा सोगा, खाली, पाण्यात वाकलेल्या झुडपात अडकलेला. आपले दोन्ही हात दरवाज्याच्या चाकावर. पाणी तोडल्याशिवाय पोर वाचत नव्हती, म्हणून दरवाजा पाडत होतो. खूण करायला हात मोकळा नव्हता. तोंड होतं. चौकीतून द्वारका धावत बाहेर आली, पुलावर आली, आपल्याकडं तोंड करून. आपण ओरडलो, "डाव्या काठाला! डाव्या काठाला बघ!" ती पुलावर अर्धा श्वास थांबली. मग धावली. उजव्या काठानं धावली. ओरडून ओरडून घसा फुटला, डावा, डावा, आणि जितकं ओरडावं तितकी ती उजव्या काठाला वाकून वाकून पाण्यात हात घालत होती. मग झुडपातून तो लाल तुकडा सुटला.

मोटार कालव्याच्या पुलावरून गेली. रस्ता आणि कालवा या वाटेला एकमेकांना सोडत नाहीत. कधी हा याच्या अंगाला, कधी त्या. महिपतीनं आपला डावा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं परक्या वस्तूकडं बघावं तसं बघितलं. आत्ता तो उगवतीला चालला होता, पाण्याबरोबर. त्याचं डावं आणि पाण्याचं डावं एकच होतं. संध्याकाळी परत येताना नसणार होतं. म्हणजे द्वारका येताना बघत होती आणि आपण जाताना. ती आपल्याकडं तोंड करून आली, पाण्याच्या उलट, आणि तिच्या डाव्या हाताला जो काठ होता त्याच काठानं धावली. डाव्यालाच धावली. माणसाच्या डाव्याला. आपण सांगितलं तसंच केलं तिनं. त्यानं खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. कांदेवाला म्हणाला, "मोटार लागतीया का? ह्यो कांदा हुंगा." त्यानं कांदा घेतला आणि हुंगला.

कारण पुढचं जे होतं ते पोरगी जाण्याहूनही वाईट होतं, असं आता त्याला दिसायला लागलं. रतनला बाहेर काढल्यावर पाटील आला, पंचनाम्याला माणसं जमली. पाटलानं विचारलं, आणि महिपतीनं सरळ सांगितलं, "म्या डावा काठ सांगितला. बायको उजव्याला गेली." त्यात त्याला लबाडी वाटली नाही; खरंच होतं ते. एवढं मात्र खरं की ते सांगताना त्याला जरासं हलकं वाटलं होतं. दुःखातसुद्धा माणूस आपली बाजू कोरडी ठेवायला बघतो. द्वारका कोपऱ्यात बसली होती, केस ओले, हातांना चिखल, आणि ती एकदम म्हणाली, "म्या डाव्यालाच गेले." बायका तिच्याकडं बघायला लागल्या. "डाव्यालाच गेले! तुमी चुकीचं सांगितलं!" आणि चार जणींनी तिला गप्प केलं, कारण कालव्याचा माणूस काठ चुकेल कसा? तिथून सांगवीपासून बावड्यापर्यंत एकच गोष्ट झाली: आईनं काठ चुकवला. विहिरीवर, दळणावर, लग्नाच्या पंगतीत. द्वारका दिवाळीच्या आत माहेरी गेली ती गेली. त्यानं निरोप पाठवले. उत्तरं तिच्या थोरल्या भावाच्या, गेणबाच्या तोंडून यायची: पाण्याकाठी नांदणार न्हाय, गावात खोली करा. मग: आकितीच्या सणापातूर खोली न्हाय झाली तर काडी मोडा, आमी तिचा दुसरीकडं पाट लावतो. तो निरोप ऐकून महिपती चौकीत एकटाच हसला होता. एका पाटानं पोर नेली, आता दुसरा पाट बायको नेणार. मराठी भाषेनंसुद्धा त्याच्यासाठी निराळा शब्द काढायची तसदी घेतली नव्हती. नवरा बघितला होता तो इंदापूरच्या वरच्या अंगाचा, जिराईत पट्ट्यातला बिजवर, झुंबर नावाचा. लोक बागाईत बघून पोरी देतात. द्वारकेनं जिराईत बघून दादल्याला होकार दिला. कोसभर पाणी दिसत नाही असं स्थळ.

पण आता त्याच्याकडं काहीतरी होतं. मोटार अंथुर्ण्याला थांबली, माणसं उतरली चढली, आणि महिपतीच्या छातीत काहीतरी जाळासारखं पेटत गेलं. तिची चूक नव्हती. माझी नव्हती. हे तिला सांगायचं, फक्त एवढं सांगायचं, की अगं आपण दोघं बरोबर होतो! दोन सालं आपण उगाच एकमेकांच्या उरावर बसलो. ती ऐकेल आणि तिच्या तोंडावरचा तो दगड फुटेल. ती म्हणेल, असं व्हय. एवढंच म्हणेल, असं व्हय, आणि पदर सावरून उठेल. खोली नसेना. खात्याला लाथ मारू, बावड्यात कुणाच्या मळ्यावर राबू. त्यानं कांदा इतका घट्ट धरला होता की बोटांना पाणी सुटलं होतं. जाव्याच्या माणसाला सहाव्या गोलानंतरही असंच वाटलं असेल का, की अजून वेळ आहे?

इंदापुरात बाजाराच्या मागं लिंबाखाली पंच बसले होते. मधे आबाजी तात्या, वयानं वाकलेला, काडीमोडीच्या कामात मुरलेला. पलीकडं द्वारका, पदर कपाळापर्यंत, पाठीशी भावजय. झुंबर आला नव्हता. तशी रीत नव्हती. गेणबा उठून पुढं आला. "या पावनं," तो म्हणाला. आजवर दाजी म्हणायचा. महिपतीनं टोपी काढली, घातली.

"काडी मोडायच्या आदी काय बोलायचं आसंल ते बोला," तात्या म्हणाला. "मागनं कोण ऐकत न्हाय."

महिपती बोलायला लागला. मोटारीत त्यानं सगळं नीट मांडलं होतं, पण तोंडातून ते फुटबॉलपासून बाहेर पडलं. पेनल्टी, संभाजी ड्रायव्हर, आगटे रावसाहेब. पंच एकमेकांकडं बघायला लागले. "ह्येचं डोकं फिरलंय व्हय रं?" एक जण कुजबुजला. मग महिपतीनं जमिनीवर बोटानं कालवा काढला, पाणी कुणीकडं जातं ते दाखवलं, पूल काढला. "सरकारात पाण्याच्या तोंडानं डावं धरत्यात. माणसाच्या न्हाय."

"म्हंजे ह्ये डावं न्हवं?" एका म्हाताऱ्यानं स्वतःचा हात वर केला.

"तुमी हिकडं तोंड केलं की हाय. तिकडं केलं की न्हाय."

म्हातारा उठला, तिकडं तोंड करून उभा राहिला, हाताकडं बघितलं, परत फिरला. दुसराही उठला. घटकाभर इंदापूरचे पंच लिंबाखाली गोल गोल फिरून आपलाच डावा हात शोधत होते, आणि रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. "सरकारचं डावंबी येगळं व्हय?" एक म्हणाला. "सरकारचं समदंच येगळं आसतंय," दुसरा म्हणाला, आणि हशा झाला. महिपतीही हसला. सवयीनं हसला, आणि हसता हसताच त्यानं बघितलं की द्वारकेनं पदर मागं घेतला होता आणि ती जमिनीवरच्या रेघांकडं बघत होती.

"परत म्हना," ती म्हणाली.

फिरणारे पंच खाली बसले.

"तू डाव्यालाच गेली हुतीस," महिपती म्हणाला. "म्या सांगितलं तितंच गेलीस. पाटलाम्होरं म्या बोललो त्ये चुकलं. तुजी काय बी चूक न्हवती."

"आयकलं का तात्या?" गेणबा ओरडला. "चारचौघांत कबूल केलं!" त्याच्या आवाजात आनंद होता, बहिणीचं नाव धुऊन निघाल्याचा, त्यात वाईट काही नव्हतं. द्वारकेनं त्याच्याकडं बघितलंही नाही. ती रेघांकडंच बघत होती. हळूच तिनं बोटानं पुलापासून एक वाट काढली, आपल्या बाजूनं, आणि ती जिथं संपली तिथं बोट तसंच टेकवून ठेवलं. महिपती वाट बघत होता. असं व्हय म्हण. एकदा म्हण.

"मंग चल," तोच म्हणाला. "खोली न्हाय झाली. पर नोकरी सोडतो मी. तू म्हनशील तितं ऱ्हाऊ."

"खोली म्या कवा मागितली?" ती म्हणाली. "ते दादाचं बोलनं. मला येवढंच पायजे हुतं, आत्ता बोलला ते." तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. "खरं सांगू का? काडी घ्यायला म्या आले न्हवते. तुमी आजबी म्हनला आसता का ती उजव्याला गेली, तर म्या काडी घेतली नसती. भांडाय आले आसते परत चौकीवर. लई भांडले आसते."

"मंग आता तर भांडान मिटलं!"

"तेच की." तिनं बोट उचललं. "तुमची चूक आसती तर कवातरी माफ केली आसती. माजी आसती तर तुमी केली आसती. आता तुमीबी बरोबर, मीबी बरोबर. दोगं बरोबर आसलेल्या घरातनं पोरगी गेली. ह्येला कोन कुनाला माफ करनार? त्या घरात कसं ऱ्हायचं, सांगा." आणि त्याला जणू मदत करावी म्हणून ती तात्याकडं वळली. "द्या काडी."

महिपतीच्या कानात मोटारीचं लोखंड अजून खुळखुळत होतं. एवढंच करायचं होतं की सकाळी आगट्याला उत्तर द्यायचं नव्हतं. व्हय जी, उजवीकडं पडलो, म्हणून गप्प रजा घ्यायची होती. मग इथं येऊन आपण जुनंच बोललो असतो, ताठ मानेनं, आणि ही चवताळून उठली असती, आपली बायको म्हणून. खोटं बोलून मिळाली असती. खरं बोलून चालली. त्याला वाटलं, ओरडावं, न्हाय, ऐका, मी चुकीचं सांगितलं आत्ता, ती उजव्यालाच गेली होती! तोंड उघडलंही. पण जमिनीवर रेघा होत्या, आणि लिंबाखालच्या प्रत्येक माणसाला आता डावं कळलं होतं. तात्यानं त्याच्या तळहातावर गवताची काडी ठेवली. इतकी हलकी वस्तू त्यानं कधी धरली नव्हती. मोडताना आवाजसुद्धा आला नाही. ती वाकली, परत वाकली, ओली होती, तुटेचना. "पिळा जरा," तात्या मायेनं म्हणाला. त्यानं पिळली.

ज्याचं त्याला पावलं. आगट्याला कचेरीत महिनाभर पुरेल असा किस्सा मिळाला, सोपानाला खुर्ची, गेणबाला बहिणीचं धुतलेलं नाव, झुंबरला बायको. द्वारकेला तिचं डावं मिळालं. महिपतीनं बायको दिली, पण ती तरी त्याची कुठं उरली होती, तेव्हा त्याच्या नावावर फारसं धरता येत नाही. या सगळ्यांच्या वाट्याचं मोल भरलं ते रतननं. तिला आईनं जेवायचा हात आणि दुसरा हात, एवढंच शिकवलं होतं. त्यातलं डावं कुठलं, ते सांगायचं राहिलं होतं.